थर्मासमधली हिमनदी

१

परशुराम म्हात्रेंनी थर्मासच्या झाकणात ओतलेलं पाणी तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि ओट्यावरूनच अंगणात थुंकून टाकलं.

"खारट हाय!" ते म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले. "भूपेशची आय, समुद्र तो समुद्रच! सांगितलं नव्हतं मी तुला?"

ओट्यावर जमलेली सगळी मंडळीही हसली. मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजताच घामाच्या धारा लागलेल्या, आणि खारी गावातल्या त्या घरी नातेवाईक, शेजारी असे आम्ही पंधराएक जण एका स्टीलच्या थर्मासभोवती बसलो होतो. थर्मासला हळदकुंकू लावलेलं होतं. पुढ्यात उदबत्ती होती. काशीहून गंगा आणली की जे करतात तेच सगळं रुक्मिणीताईंनी केलं होतं.

रुक्मिणीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी झाकणात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग उठून आत गेल्या.

मी शैला गुप्ते. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला आले तेव्हा आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे म्हात्रेंचं हे घर होतं आणि त्यापलीकडे मोकळं रान. आता रान गेलं, घर आहे. रुक्मिणीताई आणि मी रोज सकाळी चालायला जातो, म्हणजे मी चालते आणि त्या वाटेतल्या प्रत्येकाशी बोलतात.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून भूपेशने, त्यांच्या मुलाने, आईवडिलांना अलास्काच्या क्रूझला पाठवायचं ठरवलं. आमच्याच भागातली बारा माणसं. कॅनडातून जहाज निघणार, सात दिवस उत्तरेला जाऊन परत येणार. इथे अंगाची काहिली होत असताना तिकडे स्वेटर घालून फिरायचं. पण निघायच्या तीन आठवडे आधी परशुरामदादांच्या हृदयात स्टेंट घालावा लागला. डॉक्टरांनी विमानच बंद केलं. रुक्मिणीताईंनी जायचं नाकारलं, तर दादांनी दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी त्या गेल्या, आणि दादांच्या जागी त्यांच्या केबिनमध्ये मी गेले.

सहाव्या दिवशी जहाजावरून त्यांनी दादांना व्हिडिओ कॉल केला होता. "अवं, बर्फ चाखला मी. समुद्रात तरंगत व्हता. पन गोडा हाय, आपल्या जुन्या विहिरीच्या पान्यावानी!"

दादांनी साठ वर्षं मिठागरात काढली. समुद्र अंगणात घेऊन त्याचं मीठ करणारा माणूस. ते म्हणाले, "समुद्रातून गोडं? थंडीनं जीभ बधिर झाली तुजी."

"घेऊन येते. सोता चाखा. मंग सगलं सांगते, पयल्यापासून."

म्हणून तो थर्मास, त्यात बोटीवरून आणलेल्या त्या बर्फाचं पाणी. म्हणून ती उदबत्ती. आणि आता त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दुपारी मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "डोल्यांनी बगितलं ते सांगून काय उपेग? माजं खोटंच निघायचं. आता मी त्या दर्याचं नाव काढनार न्हाय."

पन्नास वर्षांत ही बाई गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दादांचा प्रवास आधी डॉक्टरांनी काढून घेतला, आणि आता त्या प्रवासाची गोष्टही गेली.

संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या सुनेने, चांदणीने, मला बोलावणं आणलं. दादा गच्चीवर होते. त्यांच्यासमोर पत्र्याच्या सावलीबाहेर एक स्टीलची परात ठेवलेली होती.

"शैलाताय," ते हळूच म्हणाले, "मी घाईनं हसलो. ते पानी समुद्राचं न्हाय."

२

थर्मासमधलं उरलेलं पाणी दुपारभर उन्हात आटून परातीत पांढरा थर वाळला होता. दादांनी तो बोटाने खरवडून मला दाखवला.

"समुद्राचं पानी पयलं खारट लागतं, मंग मागं जिभेच्या बुडाशी कडू. ती कडवट चव माज्या तोंडात साठ वर्सं हाय. सकाली हसून झालं आन मी वाट बगत बसलो, आता कडू लागंल, मंग लागंल. न्हाय लागलं." त्यांनी चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. "बगा, कोरडं. समुद्राचं मीठ असं लवकर कोरडं व्हत न्हाय, वलावा धरतं. हे दुकानातल्या पिशवीचं बारीक मीठ. साध्या पान्यात टाकून ढवललंय कुनीतरी."

ज्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून हसताना पाहिलं, तो हसता हसता पंचनामा करत होता.

"म्हणजे खरं पाणी कुणीतरी काढून घेतलं?"

दादा उत्तर देण्याआधीच जिन्यात हुंदका ऐकू आला. चांदणी उभी होती. "थर्मास रात्रभर माझ्या किचनमध्ये होता," ती म्हणाली. "आई सकाळपासून माझ्याकडे बघत पण नाहीत. त्यांना वाटतंय मीच काहीतरी केलं. बाबा, देवाशपथ, मी हातसुद्धा लावला नाही."

"मिठाची बरनी आन," दादा म्हणाले.

ती चिनी मातीची बरणी घेऊन आली. आत जाडे, करडे खडे होते, ओलसर.

"आमच्या घरात बारीक मीठ कदी आलं न्हाय," दादा मला म्हणाले. "मिठागरवाल्याच्या घरी पिशवीचं मीठ आनलं तर माजा बाप सपनात येऊन मारंल. चांदनी, डोले पूस. तुज्या घरातलं मीठ न्हाय हे. तुज्या सासूला मी सांगतो."

चांदणी गेली. दादांनी परात सावलीत ओढली.

"घरात झालं न्हाय, म्हंजे वाटंत झालं. थर्मास भूपेशच्या आयच्या बॅगेत व्हता ना?"

आता मला आठवलं. परत येताना व्हँकुव्हरच्या विमानतळावर रुक्मिणीताईंची बॅग साडेचार किलो जास्त भरली होती. सगळ्यांसाठी चॉकलेटं, फ्रिजला लावायचे अस्वलाचे चुंबक, आणि पानाफुलांची चित्रं काढलेले दगडसुद्धा. मागे रांग लागलेली. बॅग तिथेच जमिनीवर उघडली आणि त्यातलं सामान तिघांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये पटापट कोंबलं. कुणाच्या सॅकमध्ये काय गेलं, देव जाणे. मुंबईत उतरल्यावर सगळं एका ट्रॉलीवर ओतून रुक्मिणीताईंना परत दिलं.

"कोन तिघं?" दादांनी विचारलं.

"टूर मॅनेजर रुचिता. आपले काशीनाथराव कर्णिक. आणि..."

"आनि?"

"आणि मी."

दादांनी हातावरचं मीठ झटकलं. "मंग तुमच्यापासून सुरू करू," ते म्हणाले.

३

मला राग आला, खोटं कशाला सांगू? अठ्ठावीस वर्षांचा शेजार. "दादा, मी तुमच्या बायकोचं पाणी चोरीन?" असं मी चढ्या आवाजात विचारलंही. पण त्यांनी थर्मासबद्दल काही विचारलंच नाही.

"त्या बर्फाच्या दिवशी काय झालं ते सांगा. सगलं. मी गेलो व्हतो असं समजून नका सांगू. न्हाय गेलो म्हनून सांगा."

आणि मी सांगायला लागले. जहाज बारा मजली. ते हिमनदीच्या फार जवळ जात नाही, लांब उभं राहतं. मग खाली छोट्या बोटी लागतात. शिडीवरून उतरायचं, खाली काळं पाणी डुचमळत असतं. त्याआधी प्रत्येकाला जॅकेटवरून घालायला एक नारिंगी पोशाख देतात, गळ्यापासून पायापर्यंत, पडलं तर बुडू नये म्हणून. त्यात कोण बाई आणि कोण पुरुष हेही कळत नाही. रुक्मिणीताई म्हणाल्या होत्या, सगली गाजरं झाली.

"मग आम्ही धुक्यातून गेलो. आणि दादा, ती भिंत समोर आली."

आमच्या सोसायटीची सात मजली इमारत घ्या, तिच्यावर आणखी दोन चढवा, आणि ती आडवी अशी स्टेशनपासून खाडीपर्यंत पसरवा. आणि ती निळी. पांढरी नाही, निळी, आत कुणी दिवा लावून ठेवावा तशी. कुणीही बोलत नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही म्हणजे काय, ते भाईंदरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बर्फाच्या तुकड्यांवर सील बसले होते, पोटाशी पिल्लं घेऊन. मग भिंतीचा एक तुकडा सुटला. आधी नुसता पडताना दिसला, काही आवाज नाही. आणि आम्ही श्वास घ्यायच्या आत तो आवाज आला. पोटात जाणवला, कानात नंतर.

"मी देवळात जाऊनसुद्धा कधी आपणहून हात जोडत नाही," मी म्हणाले. "तिथे जोडले."

"आनि चव?"

"बोटीवरच्या मुलीने जाळीने एक तुकडा काढला. काचेसारखा स्वच्छ. हातोडीने फोडून सगळ्यांच्या हातावर दिला. म्हणाली, हा बर्फ कुणास ठाऊक किती शतकांपूर्वी आभाळातून पडलाय. रुक्मिणीताई आधी खाईनातच. म्हणाल्या, समुद्राचा, खारट असनार. मलाही तेच वाटलं होतं. मग त्यांनी जीभ लावली आणि ओरडल्या, 'गोडा! शैलाताय, गोडा हाय!' आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, यांना कसं सांगू?"

दादा खाली बघत होते. त्यांचे हात, मिठाने फाटून पुन्हा पुन्हा भरून आलेले, गुडघ्यावर स्थिर होते.

"रडली?" त्यांनी विचारलं.

"रडल्या."

"मला सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "उद्या त्या पोरीला बोलवा."

४

रुचिता मीरा रोडला राहते. सत्तावीस वर्षांची, स्कूटरवरून आली, येताना दादांसाठी शहाळं आणलं. हिच्यावर माझा आधीपासून संशय होता. असल्या मुलींना टूर संपेपर्यंत शंभर कामं असतात, थर्मासचं झाकण उघडं राहिलं असेल, पाणी सांडलं असेल आणि हिने गुपचूप भरलं असेल, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

"काका, माझी ही नववी क्रूझ," ती म्हणाली. "पण त्या भिंतीसमोर मी दर वेळी नवीन असते. लोकांना वाटतं की तिकडे फक्त थंडी बघायची. पण तिथे उजेड बघायचा असतो. रात्रीचे दहा वाजलेत आणि डेकवर पेपर वाचता येतोय. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, रात्र कधी होणार? चौथ्या दिवशी कुणी विचारत नाही. लोकांचं झोपणं बदलतं, बोलणं बदलतं. एकदा व्हेल जहाजाच्या शेजारून श्वास सोडत गेला ना, त्या वासाने सगळे नाक धरून हसत होते आणि डोळ्यांत पाणी."

"त्या छोट्या बोटीत तू व्हतीस?"

"होते ना. आपल्याच लोकांबरोबर. बोटीत जे होते ते सगळे रडले, काका."

"आपली किती मानसं व्हती?"

"अकरा," ती पटकन म्हणाली. मग तिने शहाळ्याची नळी तोंडात धरली आणि बराच वेळ पीतच राहिली. ते शहाळं तिने दादांसाठी आणलं होतं.

"बर्फ चाखलास?"

"दर वेळी चाखते. काका, खोटं नाही सांगत, तो खरंच गोडा असतो."

"मला म्हाईत हाय," दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे चमकून बघितलं. कालपर्यंत हा माणूस समुद्रातून गोडं येतच नाही म्हणत होता.

रुचिता निघाली तेव्हा जिन्यात मी तिला गाठलं. "थर्मास तुझ्या सॅकमध्ये होता का?"

"नाही, मावशी. माझ्याकडे फक्त ते दगड आले. आणि प्लीज, याहून जास्त मला विचारू नका. मी कुणालातरी शब्द दिलाय."

कुणाला, ते तिने सांगितलं नाही. स्कूटर सुरू करून निघून गेली.

५

काशीनाथराव कर्णिक तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. उंच, ताठ, केस चापूनचोपून बसवलेले. आयुष्यभर एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात नोकरी. जहाजांची नावं, बंदरं, वारे, भरती-ओहोटी सगळं तोंडपाठ. आमच्या क्रूझच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी दोन तास सगळ्यांना माहिती दिली होती. चार पानी टिपण छापून आणलं होतं: एकाच जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला, ऊन दिसलं तरी टोपी सोडू नका, दुर्बीण गळ्यातच ठेवा, बॅगेतून काढेपर्यंत व्हेल थांबत नाही. त्यातलं एकही वाक्य तिकडे चुकीचं निघालं नाही. या माणसाने काही चोरलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दादांनी त्यांनाही तेच विचारलं. सगळं सांगा.

काशीनाथराव बोलायला लागले आणि मी ऐकतच राहिले. व्हेल शेपूट वर काढतो तेव्हा पाणी कसं आधी शांत होतं, जहाज अरुंद खाडीत शिरतं तेव्हा दोन्हीकडच्या डोंगरांवरून किती धबधबे एकाच वेळी दिसतात, पहाटे चार वाजता उजेडात डेकवर एकटं उभं राहिल्यावर माणसाला आपण किती लहान आहोत ते कसं कळतं. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं यात शंका नव्हती.

"आनि ती बर्फाची भिंत?"

"अप्रतिम," काशीनाथराव म्हणाले. "हिमनदी वर्षाला कित्येक मीटर पुढे सरकते. निळा रंग येतो कारण बर्फ दाबला गेलेला असतो. लाल रंग तो शोषून घेतो. बोटीवर वारा असा झोंबत होता, की माझ्या त्या नव्या मरून जॅकेटवर पाण्याचे थेंब गोठून मोत्यांसारखे बसले होते. मी तसाच उभा राहिलो."

"वा," दादा म्हणाले.

चहा आला. काशीनाथरावांनी चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली. निघताना म्हणाले, "पाण्याचं ऐकलं मी. वाईट वाटलं. पण शेवटी समुद्र आहे, दादा. खारट निघणारच."

"व्हय," दादा म्हणाले. "असंच म्हनतात सगले."

ते गेल्यावर दादांनी परातीतल्या मिठाची चिमूट उचलली. मग म्हणाले, "उद्या सकाली तिघांना बोलवा. आनि भूपेशच्या आयला सांगा, दाराआड बस. बोलू नको म्हनावं, पन बस."

"तुम्हाला कळलं?"

"मला पयल्या दिवशीच कलायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "मिठानंच सांगितलं व्हतं."

६

सकाळी आठ वाजता गच्चीवर तीन खुर्च्या मांडल्या. जिन्याच्या दाराआड रुक्मिणीताईंच्या साडीचा काठ दिसत होता. परात मध्ये होती.

"मी पोलीस न्हाय," दादा म्हणाले. "कुनाला चोर म्हनायला बोलावलं न्हाय. एकच गोष्ट कलंना व्हती. कुनाच्यातरी हातून थर्मासमधलं पानी गेलं. ते व्हतं. मंग त्यानं दुसरं पानी भरलं. तेबी ठीक. पन मीठ का टाकलं?"

दादांनी परातीतला पांढरा थर बोटाने खरवडला.

"नुसतं पानी भरलं असतं तर मला कवाच कललं नसतं. मी चाखलं असतं, गोडं लागलं असतं, मी माज्या बायकोच्या पायाला हात लावला असता आन गोष्ट संपली असती. मीठ टाकलं म्हनून पकडला. मंग का टाकलं? कारन त्याला वाटलं, खरं पानी खारटच व्हतं. गोडं लागलं तर म्हातारा वलकंल." दादांनी माझ्याकडे बोट केलं. "शैलातायनं बर्फ खाल्ला व्हता. रुचितानं खाल्ला व्हता. या दोगींना ठाव व्हतं गोडा हाय. त्यांनी मीठ टाकलं नसतं. जो त्या बोटीत गेला, त्यानं मीठ टाकलंच नसतं."

मला एकदम सगळं दिसायला लागलं. अकरा माणसं, आणि आम्ही बारा. रुचिताने दिलेला शब्द. आणि ते मरून जॅकेट! हे ऐकून दादांनी वा म्हटलं होतं. बोटीत प्रत्येकाच्या जॅकेटवर नारिंगी पोशाख होता. तिथे कुणाचं जॅकेट कुणाला दिसलंच नव्हतं, थेंब त्याच्यावर गोठणार कुठून? आम्ही गाजरं होतो, सगळे.

काशीनाथरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. त्यांचा ताठ कणा कुठे गेला कळेना.

"मी शिडीपर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "पोशाख हातात दिला होता त्यांनी. खाली बघितलं. ती बोट, ते काळं पाणी. पाय उचलेना. चाळीस वर्षं मी जहाजांची कागदपत्रं केली, पण छोट्या बोटीत कधी बसलो नाही. लहानपणी भाऊ बुडाला माझा, डोळ्यांदेखत. कुणालाच कधी सांगितलं नाही. रुचिताला म्हटलं पोट बिघडलंय, कुणाला सांगू नकोस. तुम्ही सगळे भारावून परत आलात. बोटीचा विषय निघाला की मी चहा आणायला उठायचो."

"काका," रुचिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला परवासुद्धा नीट खोटं बोलता आलं नाही."

"विमानतळावर थर्मास माझ्या सॅकमध्ये आला. तपासणीत अडवला. त्या बाई म्हणाल्या, इथेच पिऊन टाका, नाहीतर ओता." काशीनाथरावांनी परातीकडे बघितलं. "मी ओतला. समुद्राचं पाणी कोण पिणार, असं वाटलं. रुक्मिणीताईंना सांगायची हिंमत झाली नाही. विमानात पाणी भरलं, जेवणाच्या ट्रेमधल्या मिठाच्या दोन पुड्या टाकल्या. मला वाटलं, मी त्यांची वस्तू वाचवतोय."

"तुमच्या हातात व्हतं," दादा हळू आवाजात म्हणाले. "ती बाई पी म्हनाली. आन तुमी ओतलं."

त्यात राग नव्हता. मला तर राग यायला हवा होता, माझा स्वभावच तसा. पण हजारो मैल जाऊन, शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून मागे फिरलेला तो माणूस बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. सगळ्यांना काय काय बघायला मिळेल ते सांगितलं, आणि स्वतः केबिनमध्ये बसून भिंतीपलीकडचे आवाज ऐकले.

"तुमी पन न्हाय गेले, मी पन न्हाय गेलो," दादा म्हणाले. "बसा."

दाराआडचा काठ हलला. रुक्मिणीताई बाहेर आल्या. कुणाकडे न बघता त्या गच्चीच्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेल्या, पितळेच्या पेल्यात पाणी भरलं आणि नवऱ्यासमोर धरलं.

"थंड हाय," त्या म्हणाल्या. "डोले मिटा. हातमोजे काढलेले. बोटं बधिर. ती पोरगी तुकडा देते, काचंवानी. आत बारीक बुडबुडे. जिभेवर ठेवला तं आदी आवाज येतो, चुटचुट, आतली हवा सुटते. कवाच्या जमान्यातली हवा. ती सुटते आन तुमच्या तोंडात मरते. मंग पानी व्हतं."

दादांनी डोळे मिटले. माठातलं, महानगरपालिकेच्या नळाचं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि जिभेवर घोळवलं. सकाळच्या उन्हात त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मी फक्त त्या निळ्या भिंतीसमोर माणसांच्या चेहऱ्यांवर बघितलं होतं.

त्यांनी घोट गिळला.

"गोडा हाय," ते म्हणाले.

रुक्मिणीताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग पेला पुन्हा भरला आणि काशीनाथरावांपुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, आणि विचारलं, "ताई, पहिल्यापासून सांगाल? शिडीपासून."

रुक्मिणीताई परातीशेजारी मांडी घालून बसल्या आणि बोलायला लागल्या. दुपारी जेवायला बोलवायला चांदणी वर आली, तेव्हा त्या बोटीतून अजून उतरल्या नव्हत्या.